गावाचा नेबरहूड प्लॅन विरुद्ध डिस्ट्रिक्टचा लोकल प्लॅन: शेवटी चालतं कोणाचं?

मंजिरी_मिरजकर
नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या एका खेड्यात राहते. पॅरिश कौन्सिलने (आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखी) नेबरहूड प्लॅनचा, म्हणजे गावात कुठे काय बांधावं याच्या आराखड्याचा, मसुदा काढलाय, सहा आठवड्यांत हरकती-सूचना द्यायच्यात. शाळेमागचं कुरण राखीव, जुन्या दगडी भिंतींना हात लावायचा नाही, आणि नव्या घरांसाठी एकही जागा नाही! शेजारचे आजोबा भलतेच खुशीत: आता म्हणे बिल्डर फिरकायचा नाही. पण डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या येऊ घातलेल्या लोकल प्लॅनमध्ये (सगळ्या भागाचा आराखडा) कुरणाला लागूनच्या शेतात ६० घरं दाखवलीत. मग खरं कुठलं धरायचं? आणि आमचे पासपोर्ट अजून भारतीयच. आम्हाला यात तोंड उघडता येतं का?

केंटचा_काका
उगाच जीव जाळू नका. आमच्या गावात प्लॅन होता, तरी अपिलात घरं मंजूर झाली. गावाला विचारल्यासारखं करायचं, बाकी काही नाही.

डोंबिवली_ते_डेव्हन
काका, तुमच्या प्लॅनला पाच वर्षं उलटली होती का? आणि त्यात घरांसाठी जागा नेमून दिल्या होत्या का? मी एका डिस्ट्रिक्टच्या प्लॅनिंग खात्यात आहे. बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खातं.

मंजिरीताई, २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टने गावाला हा अधिकार दिला, पण लगाम हातात ठेवून. नेबरहूड प्लॅन हा लोकल प्लॅनच्या मुख्य धोरणांशी एकंदरीत जुळता लागतो, आणि त्यात ठरलेल्यापेक्षा कमी घरं सुचवता येत नाहीत. पाहुणे किती येणार ते डिस्ट्रिक्ट ठरवतं, अंथरुणं कुठे घालायची ते गावाने सांगायचं.

सार्वमतात पास होऊन लागू झाला की तो कायद्याने डेव्हलपमेंट प्लॅनचाच, म्हणजे बांधकामाचे अर्ज ज्यावर ठरतात त्या आराखड्यांचाच, भाग. अर्ज तपासताना आम्हाला तो बासनात गुंडाळता येत नाही. मात्र दोन प्लॅनची टक्कर झाली तर नंतर लागू झालेला वरचढ ठरतो. तुमचा प्लॅन तपासतील तो आजच्या लोकल प्लॅनशी ताडून. उद्या नवा लोकल प्लॅन आला की त्या ६० घरांपुरता तुमचा मागे पडणार.

म्हणूनच ‘एकही घर नको’ हे गावाच्याच अंगाशी येतं. डिस्ट्रिक्टकडे पाच वर्षं पुरतील इतक्या घरांच्या जागा नसल्या की बिल्डरचं पारडं जड होतं. तेव्हा गावाला आडोसा मिळतो, पण प्लॅन पाच वर्षांच्या आतला असेल आणि गावाच्या वाट्याची घरं त्यात सामावलेली असतील तरच. तो आकडा पॅरिशने डिस्ट्रिक्टकडून लेखी मागून घ्यावा.

गावाच्या हाती काहीच नाही असंही नाही हं. कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हजने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांसाठी, असा नियम केला. सुट्टीपुरत्या घरांना कंटाळले होते लोक. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि नियम टिकला.

पासपोर्टचं म्हणाल, तर हरकत कोणीही देऊ शकतं. आणि मतदार यादीत नाव असेल तर सार्वमतात मतही देता येतं; आपण कॉमनवेल्थवाले ना! ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.

रस्ता_सांगा_कोणी
पैशाचंही बघा. डिस्ट्रिक्ट सीआयएल (नव्या बांधकामावरची आकारणी) घेत असेल, तर नवीन घरांमागे मिळणाऱ्या त्या रकमेतले १५ टक्के पॅरिशला येतात. नेबरहूड प्लॅन लागू असेल तर २५.

मंजिरी_मिरजकर
बापरे, हे आजोबांना कोणी सांगायचं! कुरण तरी वाचेल का?

डोंबिवली_ते_डेव्हन
वाचू शकतं. कुरण ‘लोकल ग्रीन स्पेस’ म्हणून, म्हणजे राखीव हिरवी जागा म्हणून, प्लॅनमध्ये घालता येतं. त्यासाठी जागा वस्तीजवळ लागते, गावाला तिचं खास महत्त्व लागतं, आणि अफाट पसरलेली चालत नाही. प्लॅन तपासणारे एक्झामिनर इथे फार काटेकोर असतात. ‘फार सुंदर आहे’ एवढ्यावर भागत नाही. शाळेची मुलं तिथून कशी ये-जा करतात, पाऊलवाट कुठून जाते, गावजत्रा तिथेच भरते का, असं सगळं फोटोंसकट द्या. शेजारच्या शेतावर नुसती फुली मारू नका. घरं आलीच तर कुरणाच्या बाजूला बागा आणि कुंपणाची झाडं हवीत, गाड्यांचा रस्ता दुसरीकडून हवा, हे आत्ताच प्लॅनमध्ये घालायला सांगा. हरकतीत पॉलिसीचा नंबर घालून तिथली वाक्यं कशी बदलावीत तेही लिहून द्या, नाहीतर उत्तरात नुसतं ‘नोंद घेतली’ येतं.