मदत हवी आहे: जुनी पेट्रोल गाडी मिसिंग मारतेय, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी. इंजिन उघडायचं का?

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात एक जुनी हॅचबॅक घेतली. २०१३ चं मॉडेल, १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, एमएच १५ पासिंग. मीटरवर ८८ हजार किलोमीटर आहेत, त्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. घेताना द्वारकेपासून आडगाव नाक्यापर्यंत चालवली. पाऊस होता, एसी लावला नाही, चढ कुठे लागला नाही. गाडी लोण्यासारखी वाटली!

आता थंडी पडल्यावर खरं रूप दिसतंय. सकाळी तीन-चारदा सेल्फ मारावा लागतो. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डवरचा गणपती थरथरायला लागतो, एसी लावला तर स्टिअरिंगही. दोन हजार आरपीएमच्या वर गेली की बरीच सुधारते. गेल्या रविवारी आईला घेऊन मुंबईहून येताना कसारा घाटात दुसऱ्या गिअरवरही ओढेना आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. कशीबशी घरी आणली.

तीन गॅरेज झाली. पहिल्याने चारही प्लग बदलले, फरक शून्य. दुसऱ्याने स्कॅनर लावला, पी०३०३ कोड आला, म्हणजे तिसरा सिलिंडर मिस करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. त्याने तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली. कोड तिसऱ्यालाच चिकटून राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष. इंजेक्टरचीही अशीच अदलाबदल केली, तरी तेच. तिसऱ्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, "रिंगा गेल्या. इंजिन बांधावं लागेल, ४५ हजार धरून चला." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या.

मला ते पटेना. माझा मावसभाऊ अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्याच्याकडे कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचं यंत्र, आहे. इंजिन गरम करून चारही प्लग काढले, कॉइल आणि इंजेक्टरचे सॉकेट काढले, बॅटरी पूर्ण चार्ज, ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबून प्रत्येकी पाच-सहा ठोके. आकडे असे: पहिला १६८, दुसरा १६५, तिसरा ९५, चौथा १६६ पीएसआय. नंतर तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजलं, १०२ आलं. बस.

पुस्तकातला आकडा १८० च्या आसपास आहे. म्हणजे बाकीचे तीनही थकलेत का? आणि मुख्य प्रश्न: ४५ हजारांच्या कामाला हो म्हणण्याआधी अजून काय तपासू?

*

सातपूरकर: विकून टाका राव. दिव्याखाली विका, दुपारी विकू नका.

*

घाटमाथा: आधी तीन सिलिंडरांची काळजी सोडा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, हवेचा दाबच सहा-सात टक्क्यांनी कमी. पुस्तकातला १८० इथे १६८ च्या घरात येणार. शिवाय चेन सरकून टायमिंग (व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या झडपा, उघडायची-मिटायची वेळ) हललं असतं तर चौघंही सारखेच खाली आले असते. आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचं इंजिन यांमधलं सील) दोन सिलिंडरांच्या मधे फुटलं असतं तर शेजारशेजारचे दोघं एकदम पडले असते. तुमचा एकटाच पडलाय.

रिंगा असत्या तर ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वर चढला असता. ऑइल पिस्टनच्या कडेने बसून फट भरतं, व्हॉल्व्हच्या फटीला त्याचा काही उपयोग नाही. ९५ चे १०२ म्हणजे रिंगांवर संशय फारच थोडा. मला व्हॉल्व्ह वाटतो, त्यातही एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा. आरपीएम वाढले की सुधारते म्हणालात ना? गळतीला वेळच मिळत नाही म्हणून.

फुकटातली एक तपासणी: गाडी आयडलला ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. चांगल्या इंजिनात ती एकसारखी बाहेर फडफडते. व्हॉल्व्ह गळत असेल तर मधेच आत ओढली जाते. नोट धरू नका, माझी एक वीसची नोट काळी होऊन परत आलीये.

आणि हो, दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतं. तो गेला तर हेडच्या कामाहून महाग पडेल.

*

पंचवटी_पेट्रोल: हवा भरून बघा. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, चाकांना दगड, नाहीतर हवेच्या जोराने इंजिन फिरतं. गेजच्या पाइपच्या टोकातली पिन काढून त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आलं तर इनटेक, ऑइल भरायच्या झाकणातून आलं तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

एक विचारू? या गाडीला कधी सीएनजी होता का? डिकीतला गालिचा उचलून बघा.

*

मी (धागाकर्ता), तीन दिवसांनी:

पंचवटीवाले भाऊ, तुम्हाला साष्टांग.

आरसीवर फक्त पेट्रोल आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. गालिचा उचलला तर पत्र्याला चार भोकं, वरून सीलंट फासलेलं. गॅस सिलिंडरच्या स्टँडची. मग बॉनेट उघडून इनटेक मॅनिफोल्डला बोट फिरवलं, तर चार नळ्यांच्या जागी गॅस नोझल कापून, रबरी टोप्या घालून तारेने आवळलेल्या. किट काढून वेगळं विकलं आणि गाडी मला "पेट्रोलच आहे, घरची गाडी" म्हणून दिली. एजंटला फोन केला तर म्हणे, "किट? कसलं किट साहेब?"

कागदाची पट्टी धरली. चार-पाच फडफडीनंतर एकदा टचकन आत जाते, मग परत बाहेर. बायकोने बाजूला उभं राहून व्हिडिओ काढला, शेजारचे काका विचारून गेले काय चाललंय म्हणून.

रविवारी मावसभावाने पंक्चरवाल्याकडे गाडी नेऊन हवा सोडली. सायलेन्सरला कान लावायचीही गरज पडली नाही, दोन हातांवरून फुस्स ऐकू येत होतं. ऑइलच्या झाकणाशी अगदी थोडी हवा, रेडिएटरमध्ये एकही बुडबुडा नाही.

मग टॅपेट कव्हर उघडून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला. व्हॉल्व्हच्या डोक्यावर टॅपेट असतो, त्याच्या वरची फट म्हणजे गॅप. मॅन्युअलमध्ये एक्झॉस्टचा गॅप ०.२७ ते ०.३३ मिमी दिलाय. पहिला, दुसरा, चौथा ०.१५ ते ०.२० च्या दरम्यान. तिसऱ्याच्या दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये ०.०५ ची पातीसुद्धा जाईना.

*

घाटमाथा: झालं तर मग. सीएनजी कोरडा, पेट्रोलसारखा व्हॉल्व्ह-सीटला (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) ओलावा नाही आणि तिथे तापमानही चढतं. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि टॅपेटचा गॅप खाऊन टाकतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, कडेने गरम वायू सुटतो आणि कड जळते. नुसते टॅपेट बदलून गॅप मिळेल, पण जळलेली कड तशीच राहील. हेड उतरवाच. खालचं इंजिन मात्र कुणालाही हात लावू देऊ नका.

*

मी (धागाकर्ता):

ठरलं, हेड उतरवतोय. आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवीन, सीट कटिंग, लॅपिंग, सगळे स्टेम सील, हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट. नोझलच्या भोकांसाठी जुनं मॅनिफोल्ड मिळतंय का बघतो, नाहीतर त्या टोप्यांतून हवा ओढली जाऊन परत मिसिंग सुरू. सांगितलेला खर्च ४५ च्या निम्म्याहून कमी आहे. तिसऱ्या गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, "हेड केलं तरी रिंगा कराव्याच लागतील." बरं.

आता एकच हवंय. व्हॉल्व्ह बसवल्यावर हेड उलटं ठेवून, चेंबरमध्ये रॉकेल ओतून, समोर उभं करून गळती दाखवणारा लेथवाला सातपूर किंवा अंबडकडे कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. शुक्रवारी हेड खाली येतंय.