सपाट प्रदेशात टीडब्ल्यूआय काढताना उतार शून्य येतो, काय करावे?

प्रश्न

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तेथे पावसाळ्यात पाणी कोठे साचून राहते याचा अंदाज घेण्यासाठी मी क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये भूरूपीय ओलावा निर्देशांकाचा, म्हणजे टीडब्ल्यूआयचा, नकाशा करीत आहे. एसआरटीएम या अवकाशातील रडार मोजणीचा ३० मीटरचा डीईएम (३० मीटरच्या चौकोनांत जमिनीची उंची देणारा अंकीय नकाशा) तालुक्याच्या सीमेवर कापला, खळगे भरले आणि दर मीटर रुंदीमागच्या पाणलोट क्षेत्राला उताराच्या टॅनने भागून नैसर्गिक लॉगरिदम घेतला. बऱ्याच भागात उतार शून्य असल्याने तेथे किंमतच येत नाही. टॅनच्या जागी किमान ०.००१ धरल्यास जागा भरतात, परंतु नकाशावर समांतर पट्टे उमटतात. हा किमान आकडा कोणत्या आधारावर ठरवावा?

उत्तर १

आकडा बदलून पट्टे जाणार नाहीत, कारण ते डीईएममधूनच आलेले आहेत. एसआरटीएममधील उंची पूर्ण मीटरमध्ये नोंदलेली असते. जमीन किलोमीटरमागे एक मीटर उतरत असेल, तर सुमारे ३३ पेशी (डीईएममधील चौकोन) एकाच उंचीच्या दिसतात आणि त्यानंतर एकदम एक मीटरची पायरी येते. त्या पायरीलगत नेहमीच्या ३×३ पद्धतीने (पेशी आणि तिच्या आठ शेजाऱ्यांच्या उंचीवरून) उतार सुमारे ०.०१७ निघतो, इतरत्र शून्य. पाणलोट एकाच पेशीचे धरले, तर पायरीवर निर्देशांक साधारण ७.५ आणि सपाटीवर, आपल्या ०.००१ मुळे, १०.३ येतो, प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणची जमीन सारखीच आहे. किमान मर्यादा ०.०००१ केली, तर सपाटीचा आकडा १२.६ होतो आणि पायरीचा तसाच राहतो, म्हणजे पट्टे अधिकच ठळक होतात.

कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या ३० मीटर डीईएममध्ये उंची दशांशात असते, म्हणून तो घ्यावा. मात्र त्यात झाडे आणि घरेही धरलेली असतात; ती वजा केलेली फॅबडेम ही आवृत्ती शेतीच्या भागासाठी मला अधिक योग्य वाटते.

उत्तर २

तालुक्याच्या सीमेवर डीईएम कापणे ही याहून गंभीर बाब आहे. चंद्रभागा आणि शहानूर या नद्या सातपुड्यातून उतरतात. वरचे पाणलोट वगळले, तर संचयाचा, म्हणजे वरून प्रत्येक पेशीत येणाऱ्या पाण्याच्या क्षेत्राचा, आकडा सीमेपासूनच चुकतो. डीईएम डोंगरमाथ्यापर्यंत घ्यावा, तो यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणावा आणि सर्व गणित झाल्यावरच कापावा. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमधील (पेशीनिहाय गणित करणाऱ्या साधनातील) टॅनला कोन रेडियनमध्ये लागतो, हेही तपासून घ्यावे.

सागा या भूविश्लेषण सॉफ्टवेअरमधील वांग आणि लिऊ यांच्या पद्धतीने खळगे भरल्यास भरलेल्या जागी किंचित उतार राखला जातो, परंतु तेथे या उताराची आधीपासून ठरलेली (डिफॉल्ट) किंमत ०.१ अंश आहे. हा उतार किलोमीटरमागे पावणेदोन मीटर होतो, म्हणजे आपल्या जमिनीच्या स्वतःच्या उताराहून जास्त! ती ०.०१ करावी. संचयासाठी सर्व पाणी एकाच शेजाऱ्याकडे पाठवणारी डी८ पद्धत सपाटीवर सरळ रेघा काढते, त्यामुळे अनेक दिशांत विभागणी करणारी पद्धत वापरावी. ग्रास या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचे आर.वॉटरशेड हे साधन तसेच करते, त्याला खळगे आधी भरावे लागत नाहीत आणि ते निर्देशांकही थेट देते.

उत्तर ३

वरील दुरुस्त्या आवश्यक आहेत, तरीही मूळ सूत्राचे गृहीतक येथे लागू पडते का, हे पाहावे लागेल. बेव्हन आणि कर्कबी यांनी १९७९ मध्ये मांडलेला हा निर्देशांक भूजलाची पातळी जमिनीच्या उताराला समांतर असते असे मानतो. डोंगरउतारावर ते बऱ्याच अंशी चालते; खोल काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात पाण्याचा निचरा पेशीच्या उतारापेक्षा नाल्याच्या पातळीवर अधिक अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक पेशी ज्या नाल्यात उतरते त्या नाल्यापासूनची तिची उंची, म्हणजे हँड, काढून पाहावी. टीडब्ल्यूआयच हवा असेल, तर सागा वेटनेस इंडेक्समध्ये सुधारित पाणलोट क्षेत्र वापरले जाते, त्यामुळे सपाट भागात किंमती तुटक न येता सलग येतात.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. डीईएम सातपुड्यापर्यंत घेऊन टीडब्ल्यूआय आणि हँड दोन्ही काढतो. रस्त्यांच्या भरावांमागे मात्र पाणी अडलेले दिसते. ते खरे मानावे का?

उत्तर २

३० मीटरच्या डीईएमला भराव दिसू शकतो, त्याखालची मोरी दिसत नाही. मोऱ्यांची ठिकाणे रेषांनी दाखवून तेथील उंची कमी करावी. त्यानंतर मुसळधार पावसानंतरच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमेतील साचलेल्या पाण्याशी दोन्ही नकाशे ताडून पाहावेत. पीक उंच वाढल्यावर त्याखालचे पाणी या रडारला नीट दिसत नाही, त्यामुळे जून-जुलैच्या प्रतिमा निवडाव्यात.