कॅपकॉमचा 'पनिशर' (१९९३) एका क्रेडिटमध्ये संपवायचाय, मदत हवी आहे

कॅपकॉमचा मारामारीचा आर्केड गेम 'द पनिशर' इथे कुणी जीव लावून खेळलंय का? आपल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये सगळे ज्याला 'मुस्तफा' म्हणायचे तो 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' त्याच कंपनीचा, त्याच वर्षीचा. त्यामुळे मुस्तफावर हात बसलेल्यांनीही बिनधास्त लिहा.

२०२४ मध्ये मार्व्हल-कॅपकॉमच्या जुन्या गेम्सचा संच आला, त्यात हा आहे. मी आणि दादा ऑनलाइन जोडी करून खेळतो. तो फ्रँक कॅसल (म्हणजे खुद्द पनिशर), मी त्याचा जोडीदार निक फ्युरी. (छातीवर कवटी मलाच हवी होती, पण मोठ्या भावापुढे कुणाचं चालतं? तसंही खेळायला दोघं जवळपास सारखेच.) कंटिन्यू दाबत बसलं की शेवटच्या खलनायकापर्यंत, किंगपिनपर्यंत, कुणीही पोचतो. एका क्रेडिटमध्ये (म्हणजे एकाच नाण्यात, कंटिन्यू न दाबता) मात्र आमची निम्म्यातच वाट लागते.

पहिली अडचण बोनब्रेकर नावाचा बॉस. कमरेच्या वर माणूस, खाली रणगाड्याचे पट्टे. सरळ समोर गेलं की अंगावर येतो आणि दोघं एका रेषेत सापडलो तर दोघांचाही एकदम बोऱ्या.

दुसरी, पिस्तुलाचे भाग. समोर बंदूकवाले आले की आपला माणूस आपोआप पिस्तूल काढतो, ते संपले की परत आत ठेवतो. गोळीबार, पडद्यावर कॉमिकसारखी 'ब्लॅम'ची अक्षरं, सगळं झकास. पण तेवढ्यात कुणीतरी अगदी जवळ येऊन हाणून जातो. अशा वेळी गोळ्याच झाडायच्या की धरून फेकायचं?

तिसरी, उडी आणि हल्ला एकत्र दाबून मारायचा फटका. चारी बाजूंचे उडतात, पण आपलीही ताकद जाते. दादा तो ऊठसूट वापरतो, मी जपून ठेवतो आणि मरतो आधी मीच!

'सेगावर सराव कर' असं कृपया सांगू नका. सेगाच्या घरगुती कन्सोलवरच्या त्या आवृत्तीत एका वेळी गुंड कमी येतात, फोडायच्या वस्तूही कमी. तिथली सवय इथे कामाची नाही.

प्रतिसाद १
दादा बरोबर आहे :) दोन्ही बाजूंनी घेरलं गेलात तर तो फटका मारून मोकळं व्हा. मार खात राहण्यात त्याहून जास्त ताकद जाते. फक्त एकट्यादुकट्यावर उधळू नका.

बोनब्रेकरच्या रेषेत उभंच राहायचं नाही. वरून किंवा खालून तिरकं शिरा, दोन-चार ठोसे, लगेच बाजूला. एकाने त्याला स्वतःकडे वळवायचं, दुसऱ्याने पाठीमागून हाणायचं. बोलणं चालू ठेवलंत तर हे सहज जमतं. पिस्तूल हातात असताना सगळ्यांना एकाच बाजूला ठेवा. जवळ आला त्याला धरून त्याच्याच टोळक्यावर फेका, मग गोळ्या.

धागाकर्ता
आभार! आज रात्री बोनब्रेकरच्या आधी क्विक सेव्ह करून तेवढाच भाग घोटतो. किंगपिनचंही सांगा ना कुणीतरी. ते धूड एकदा पकडतं आणि ताकदीची अर्धी पट्टी साफ. त्याच्यासाठी हत्यार राखून ठेवता येतं का, की तोही असाच तिरका खेळायचा?