फ्रेंच राज्यक्रांती रूसोने केली की पावाने?

निशिगंधा: लेकीला ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा’ आलंय. आम्ही लिहायचो तेच ती लिहितेय: व्हॉल्तेअर, रूसो या विचारवंतांनी जनतेत जागृती केली. पण निम्म्याहून जास्त जनतेला वाचता येत नव्हतं ना? आणि ते दोघेही १७७८ मध्येच वारले. मग १७८९ च्या क्रांतीपर्यंतची अकरा वर्षं जागृती झोपली होती का?

तिसरी घंटा: पाव महागला म्हणून झाली. जुलै १७८८ मध्ये गारपिटीने पॅरिसच्या आसपासचं पीक झोपवलं, वर हिवाळा भयंकर. फेब्रुवारी १७८९ ला चार पौंडी पाव साडेचौदा सू (तिथलं छोटं नाणं) आणि मजुराची रोजी वीस-तीस सू. यात रूसो कुठे आला?

अर्जवाला: मी तहसील कचेरीबाहेर बसून अर्ज लिहितो, त्यामुळे या क्रांतीत माझा जीव गाऱ्हाण्यांच्या वह्यांत अडकलाय. १६१४ नंतर पहिल्यांदाच एस्टेट्स जनरल, म्हणजे पाद्री, सरदार आणि बाकीची सगळी जनता (तिसरा वर्ग) या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरणार होती, म्हणून राजाने १७८९ च्या सुरुवातीला गावोगावहून तक्रारी लेखी मागवल्या. त्यात काय होतं? मिठावरचा कर, सरदारांचा शिकारीचा हक्क आणि चक्क कबुतरं! जहागीरदाराची कबुतरं पेरलेलं बी टिपणार, आणि शेतकऱ्याने त्यांना मारायचं नाही.

आता माझ्याकडे एखादी बाई येते, शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून अर्धा तास त्याचा उद्धार करते. मी लिहितो, ‘सामनेवाल्याने अर्जदाराच्या क्षेत्रात अतिक्रमण केले आहे.’ राग तिचाच, पण आता साहेबाला उत्तर द्यावं लागतं. तिकडे हे काम वकील, नोटरी, गावचे पाद्री यांनी केलं. काही भागांत तर तयार नमुने फिरत होते. पुस्तकं वाचणारी मंडळी हीच. शेतकऱ्याने रूसो वाचायची गरजच नव्हती, त्याचा अर्ज लिहिणाऱ्याने चाळला असला तरी पुरे.

आणि घंटाभाऊ, पाव १७७५ मध्येही महागला होता. दंगलीही झाल्या, ‘पिठाचं युद्ध’ म्हणतात त्यांना. सरकारने सैन्य घातलं, दोघांना फाशी दिली, संपलं. १७८९ च्या जानेवारीत मात्र सिएस नावाच्या धर्मगुरूची पुस्तिका आली: तिसरा वर्ग म्हणजेच राष्ट्र, आजवर त्याला किंमत शून्य. १७ जूनला त्याच्याच प्रस्तावावर तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी ४९१ विरुद्ध ८९ मतांनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं. हे भुकेने सुचत नाही. ऑगस्टमध्ये त्याच सभेने सरंजामी हक्क काढले, त्यात कबुतरखान्याचा मक्ताही गेला.

तिसरी घंटा: १७७५ चा मुद्दा बिनतोड. पण तिजोरीत खडखडाट नसता तर राजाने तक्रारी मागवल्याच नसत्या. पावाला नाही, तर कर्जाला तरी श्रेय द्या.

अर्जवाला: कर्जाला देतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांवर सूड उगवायला पैसा ओतला, तो अंगाशी आला.

निशिगंधा: हे सगळं चार मार्कांत कसं बसवू? सिएसचं एक वाक्य घालायला सांगते.

अर्जवाला: घाला, पण त्याला हार नका घालू. १७९९ मध्ये नेपोलियनला गादीकडे नेणाऱ्या कटात हाच पुढे होता. कॉन्दोर्सेसारखा गणिती, जो खरोखर विचारांवर जगला, तो १७९४ मध्ये क्रांतीच्याच कोठडीत मेला. आणि रूसोचं नाव गाळू नका हो, मार्क त्यालाच आहेत.