रॉडचं सोडा, छातीचं बघा

अपघातानंतर मांडीत रॉड असताना पुन्हा स्कूबा डायव्हिंग (सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं) जमेल का, असं धागालेखकाने विचारलंय. रॉडचं सोडा हो, धातूला पाण्याच्या दाबाने काही होत नाही. पण बरगड्या मोडून छातीत नळी घातली होती, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. खरी गोम तिथे आहे.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून घेतलेला श्वास कोंडून वर आलात तर तो दुप्पट फुगू पाहतो. जुन्या जखमेपाशी हवा अडकत असेल तर श्वास सोडत आलात तरी फुफ्फुस फाटू शकतं. त्यामुळे सीटी स्कॅन, फुफ्फुसांची चाचणी आणि डायव्हिंगमधलं कळणाऱ्या डॉक्टरची लेखी परवानगी, याशिवाय नको. माझे हाडांचे डॉक्टर 'पोहा बिनधास्त' म्हणाले होते. पोहणं वेगळं, हे वेगळं.

माझी घोडबंदर रोडला बाइक घसरली होती, उजवा पाय गेला कामातून. दीड वर्षाने ठाण्यातल्या तरणतलावात फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) घालून उतरलो, तर उजवी लाथ कमी पडायची आणि मी आपला गोल गोल. (बायको काठावर बसून हसत होती.) तीन महिने गेले ते सरळ व्हायला.

मालवणला पाण्याखाली काही अडलं नाही, अडलं ते शिडीपाशी. सिलिंडरसकट चढवेना. बोटवाल्याला सांगून जॅकेट-सिलिंडर पाण्यातच काढून दिलं नि मोकळ्या अंगाने चढलो.

आणि हो, सांधे अजून ठणकत असतील तर थांबाच. वर आल्यावर दुखलं तर जुनं दुखणं की डीकम्प्रेशनचं (वर येताना दाब घटून अंगात वायूचे बुडबुडे झाल्याचं), कसं ओळखणार?