पावसाळाभर उभा असलेला छोटा कॅम्पिंग ट्रेलर डिसेंबरात मालवण-आंबोलीला न्यायचा आहे. तयारी काय करावी?

दापोलीचा भटक्या

नमस्कार. आमच्याकडे दोन माणसे झोपू शकतील असा एका ॲक्सलचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर असून तो जूनपासून मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे. सामानासह त्याचे वजन ६०० किलोच्या आसपास भरते आणि त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. ओढायला डिझेल एसयूव्ही आहे व तिच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत हे वजन बसते. डिसेंबरच्या अखेरीस दाभोळ-धोपावे फेरीने गुहागर, तवसाळ-जयगड फेरीने रत्नागिरी, पुढे विजयदुर्ग आणि मालवण करून शेवटच्या दोन रात्री आंबोलीत काढाव्यात, असा बेत आहे.

हिवाळ्यातील तयारीविषयी इंटरनेटवर जे वाचायला मिळते ते सगळे बर्फ आणि गोठलेल्या नळांबद्दल आहे. आपल्याकडे नेमके काय पाहावे लागते? आणखी एक अडचण सांगतो. गेल्या फेब्रुवारीत महामार्गावर ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर ट्रेलर शेपटी हलवू लागला होता. मागच्या टोकाला ८० लिटरचा पाण्याचा ड्रम आहे. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

हर्णै बंदर

आमच्याकडे होड्या वाहून नेणारे ट्रेलर दुरुस्तीला येतात, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या किनाऱ्यावर थंडीने काही बिघडत नाही. जे बिघडायचे ते जून ते सप्टेंबरमध्ये खाऱ्या दमट हवेत गुपचूप बिघडलेले असते आणि डिसेंबरात रस्त्यावर आल्यावर कळते. म्हणून सर्वप्रथम दोन्ही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. खरखर जाणवली किंवा चाक वर-खाली हलले, तर बेअरिंग बदलावेच लागेल. मात्र काहीही जाणवले नाही तरी हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसते) उघडून जुने ग्रीस पुसून काढा, कारण दुधाळ झालेले ग्रीस म्हणजे आत पाणी शिरल्याची खूण असते. ऑइल सील नवीनच घाला. तेथे काटकसर करू नये. निघाल्यानंतर २० किलोमीटरवर थांबून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, पण हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

दिव्यांचे दुखणे बहुधा वायरीत नसून अर्थिंगमध्ये असते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणू लागला, तर गंजलेल्या चासीतून अर्थ नीट मिळत नाही असे समजावे आणि प्लगपासून दिव्यांपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढून घ्यावी. प्लगच्या पिनांवर हिरवट थर असेल तर तो घासून काढा. लीफ स्प्रिंगचे पाटे ज्या यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेले असतात, ते गंजून बारीक झाले आहेत का, हेही पाहून ठेवा.

टायरचे खाच पाहून फसू नका. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, कुजतात. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर स्टेपनीसह सगळे बदला आणि हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

कुडाळचा सोबती

ड्रमचा संबंध असेल का, असे आपण विचारता. माझ्या मते तोच खरा आरोपी आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर, यावा लागतो. मागे वजन वाढले की हा भार कमी होतो आणि वेग वाढताच शेपटी डोलू लागते. मोजण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी, चाकांना पाचर लावून, कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा, त्या गोळ्यावर बसणारा भाग) ओढताना असतो त्याच उंचीवर राहील अशा बेताने एक लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर उभा करा आणि कपलरचा भार त्यावर टेकवा. अर्थात, टो-बॉलवर किती भार चालतो याची गाडीचीही मर्यादा असते. तिच्या वर जाऊ नये.

पुन्हा कधी शेपटी हलू लागली, तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने तोल सावरायलाही जाऊ नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, वेग आपोआप उतरू द्या.

निवृत्त एसटी चालक, चिपळूण

वरच्या दोघांनी यंत्राचे सांगितले, मी रस्त्याचे सांगतो. हिवाळ्यात पहाटे वाशिष्ठीच्या खोऱ्यात धुके दाटते आणि झाडांखालच्या वळणांवर दवाने रस्ता ओला राहतो. मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी त्यात मिसळले की चाक सुटायला वेळ लागत नाही. त्यामुळे ऊन वर आल्यावरच निघावे. आंबोलीहून उतरताना आमचा जुना नियम पाळा: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. आपल्या ट्रेलरला ब्रेक नाहीत, म्हणजे त्याचे ओझेही गाडीच्याच ब्रेकवर पडणार. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ते तापून निकामी होतात. थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. हा उसाचा हंगाम आहे. घाटमाथ्यापलीकडे फिरायला गेलात, तर टेललाइट नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात.

फेरीवर ट्रेलर घेतील का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. ओहोटीला उतार तीव्र असतो आणि जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालचे छोटे आधाराचे चाक) पूर्ण वर घेतलेले नसेल तर ते घासून वाकते, म्हणून भरतीच्या सुमाराची फेरी गाठावी. गॅस सिलिंडर घरून निघतानाच बंद करावा. सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी त्याचे टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलले जाते.

कुडाळचा सोबती

एक राहिले. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि किनाऱ्याची सवय असलेल्याला तेथील रात्रीची थंडी बोचते. तरीही ट्रेलर बंद करून आत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड रजई घ्या आणि छताची झडप थोडी उघडी ठेवा, म्हणजे सकाळी आतल्या पत्र्यावरून पाणीही ठिबकणार नाही.

दापोलीचा भटक्या

सर्वांचे आभार. आज सांगितल्याप्रमाणे मोजले. ड्रम भरलेला असताना कपलरवर जेमतेम २४ किलो भार होता, रिकामा करताच काटा ६४ वर गेला. गाडीची मर्यादा ७५ आहे, त्यामुळे पाणी आता मुक्कामावर पोहोचल्यावरच भरू. डाव्या हबमधील ग्रीस ताकासारखे निघाले. दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि सील बदलायला दिले आहेत. टायरवर १४१६ हा आकडा सापडला, म्हणजे तेही गेले. ट्रेलर गॅरेजमधून सोमवारी परत मिळेल, मग आधी आंजर्ल्यापर्यंत रिकामा नेऊन हबला हात लावून पाहतो.