विषय: फिलिपिन्सने संघराज्य व्हावं का?

प्रेषक: सहसचिव (आखात)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचा मेल वेगळा गेला आहे, हा त्याबद्दल नाही.

आमच्या साइटवर जेवणाच्या सुट्टीत हल्ली एकच वाद चालतो. एक सहकारी फिलिपिन्सचा, मिंदानाओ बेटावरचा. त्याचं म्हणणं, सगळा पैसा आणि सगळे निर्णय राजधानी मनिलात अडकतात, बाकीच्या बेटांनी फक्त वाट बघायची. 2016 मध्ये दुतेर्ते संघराज्याचं आश्वासन देऊन राष्ट्राध्यक्ष झाले, 2018 मध्ये माजी सरन्यायाधीश पुनो यांच्या समितीने नव्या संविधानाचा मसुदाही दिला, आणि पुढे ते प्रकरण विरून गेलं. शेजारी नेपाळी सुपरवायझर बसतो. तो म्हणतो, आमच्याकडे 2015 च्या संविधानाने सात प्रदेश केले, हवं तर घेऊन जा. मग दोघं माझ्याकडे वळतात: तुम्ही 1950 पासून हेच करताय ना, सांगा कसं आहे. मी नाशिकरोडचा साधा इंजिनिअर, यांना काय सांगू? जाणकारांनी लिहावं.

---

प्रेषक: माजी खजिनदार (सध्या मुक्काम गंगापूर रोड, नाशिक)

अरे,

आधी त्या मिंदानाओवाल्याला विचार, संघराज्य कशासाठी हवंय? पैशासाठी हवं असेल तर आपलं उदाहरण देऊ नकोस, उलट त्याला सावध कर. इथे बसून मला दिसतं ते असं: दिल्लीहून निघालेले अधिकार मुंबईत उतरले आणि तिथेच राहिले. कसारा घाट चढून वर फारसं काही आलं नाही.

आपली महापालिकाच बघ. 2017 मध्ये आपण 122 नगरसेवक निवडून दिले. मार्च 2022 ला मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेच्या राजीव गांधी भवनात लोकांनी निवडलेलं कोणी नव्हतं. मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे असं संविधानाच्या 243-यू कलमात स्वच्छ लिहिलंय. पण ओबीसी आरक्षणाचा खटला आला, प्रभागरचना कोणी करायची हा वाद आला, तारखांवर तारखा पडल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं तेव्हा कुठे गाडी हलली. तोवर कारभार प्रशासकाच्या हाती, म्हणजे राज्याने पाठवलेल्या आयुक्ताच्या. विधानसभा इतकी वर्षं रिकामी ठेवली असती तर? राष्ट्रपती राजवटीला निदान तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे. महापालिकेच्या प्रशासकाला ती कोणी दाखवली नाही.

बरं, नगरसेवक असले तरी महापौर अडीच वर्षांचा, त्याला कारभाराचे अधिकार जवळजवळ नाहीत. आयुक्त पाठवणार मुंबई, परत बोलावणारही मुंबई.

आता पैसा. जकात आठवते? नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा, चिरीमिरी, व्यापाऱ्यांची ओरड. गेली ते बरंच झालं, मी तिचा वकील नाही. पण तो पैसा शहराचा स्वतःचा होता. 2013 मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तोही संपला, आणि आता मुंबईहून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर महापालिका चालते. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. नाशिक, पुणे, नागपूर, कोणत्याच शहराला तिथे खुर्ची नाही. हातात उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. 2018 मध्ये घरपट्टी वाढवली तेव्हा गावात काय वादळ उठलं ते तुम्ही तिकडे बसून वाचलंच असेल.

उलट तुझ्या मित्राचा देश कागदावर एककेंद्री, म्हणजे सगळे अधिकार मुळात केंद्राचे. तरी 1991 च्या स्थानिक शासन कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना केंद्राच्या देशांतर्गत करांच्या महसुलात 40 टक्के वाटा बांधून मिळाला. त्या वाट्यातले 23 टक्के प्रांतांना, 23 शहरांना, 34 नगरांना आणि 20 टक्के थेट बारांगायला, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या पायरीला. 2018 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडानास खटल्यात सांगितलं की हा वाटा सीमाशुल्कासकट सगळ्या राष्ट्रीय करांवर मोजा, आणि 2022 च्या अर्थसंकल्पापासून तो तसा मिळू लागला. आपल्याकडे वित्त आयोगाने ठरवलेले केंद्रीय करांतले 41 टक्के जातात ते राज्यांना, उपकर आणि अधिभार आधीच बाजूला काढून. त्यातून सिन्नरला किंवा इगतपुरीला किती द्यायचं, हे बहुतेक राज्याच्या मर्जीवर. स्थानिक संस्थांना किती द्यायचं हे सुचवणारी राज्य वित्त आयोग नावाची गोष्ट आहे, पण तिच्या अहवालाची वाट कोण बघतं?

म्हणून त्याला सांग, संघराज्य झालं की एका मनिलाच्या जागी डझनभर छोट्या मनिला उभ्या राहतील. प्रत्येकीला विधिमंडळ, सचिवालय, मंत्री आणि त्यांचे बंगले.

---

प्रेषक: लासलगावकर

काका, कांदा विसरलात. शेती राज्याच्या यादीत, परदेश व्यापार केंद्राच्या यादीत. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद, ती उठली मे 2024 मध्ये. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, आमदार-खासदार दिल्लीच्या वाऱ्या करून आले. आमच्या तालुक्याला मुंबई काय अन् दिल्ली काय.

---

प्रेषक: माजी सांस्कृतिक सचिव (मूळ सटाणा)

काका, नमस्कार.

तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही संघराज्य महापालिकेच्या चोपडीत मांडलंत. संघराज्य मुळात पैशासाठी मागितलं जातं का? 1 मे 1960 आधी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी गोळ्या खाल्ल्या त्या जकातीसाठी नव्हेत. आज सटाण्याच्या तहसील कचेरीत माझ्या आईला सातबारा मराठीत मिळतो आणि मराठीतच भांडता येतं, ही काय लहान गोष्ट आहे?

शेजारी काय झालं बघा. श्रीलंकेने 1956 मध्ये फक्त सिंहली राजभाषा केली, तमिळांना संघराज्य नाकारलं, आणि 1983 ते 2009 युद्धात काढलं. पाकिस्तानने 1955 मध्ये पश्चिमेकडचे सगळे प्रांत एकात कोंबले, पूर्व बंगालला बरोबरीने वागवलं नाही, आणि 1971 मध्ये अर्धा देश गेला. आपण 1956 मध्ये भाषावार राज्यं केली तेव्हा देश फुटेल म्हणणारे कमी नव्हते. फुटला नाही.

नेपाळच्या मधेशातले, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातले लोक 2015 मध्ये रस्त्यावर उतरले ते नगरपालिकेच्या निधीसाठी नाही. मैथिली आणि भोजपुरी बोलणाऱ्यांना वाटत होतं की काठमांडू आपल्याला परकं समजतं. मिंदानाओच्या मुस्लिमांचंही तेच. तुमच्या 40 टक्क्यांनी तो सल जात नाही.

---

प्रेषक: माजी खजिनदार

ताई,

सातबाऱ्याचं अगदी मान्य. पण हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांना औषध एकच द्यायचं हे मला पटत नाही. मिंदानाओच्या मुस्लिमांना 2014 च्या शांतता करारानंतर, 2019 च्या सार्वमताने बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश मिळाला. त्यांची स्वतःची संसद आहे. त्यासाठी अख्खा देश संघराज्य करावा लागला नाही. इंडोनेशियाने तर 1949 चं संघराज्य वर्षाच्या आत मोडलं, आणि 2001 पासून अधिकार दिले ते प्रांतांना टाळून मुद्दाम जिल्ह्यांना. तिथल्या आचे प्रांताला 2006 च्या कायद्याने वेगळी सवलत.

नेपाळचं मला एक आवडतं. त्यांनी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थानिक संस्थांचे 22 अधिकार लिहूनच टाकले, प्रदेशाच्या मेहरबानीवर ठेवले नाहीत. 2017 मध्ये वीस वर्षांनी तिथे स्थानिक निवडणुका झाल्या, 753 पालिका उभ्या राहिल्या, 2022 मध्ये पुन्हा वेळेवर मतदान झालं. त्याच 2022 मध्ये आपलं नाशिक प्रशासकाकडे गेलं. आणि तिथे सगळ्यात लटकलेले कोण, तर मधले सात प्रदेश. प्रदेशच काढून टाका म्हणणारा पक्षही तिथे आहे.

लासलगावकर, कांद्यावर वेगळा मेल लिहितो, तो विषय दोन ओळीत उरकण्यासारखा नाही.

---

प्रेषक: सहसचिव

दोन्ही मेल हिंदी-इंग्रजीत जमेल तसे समजावले. फिलिपिनोचा महापौर लोक थेट निवडतात आणि कारभार तोच बघतो, त्यामुळे आपला आयुक्त म्हणजे नेमकं कोण हे सांगण्यातच सुट्टी संपली. नेपाळीला ताईंचा मुद्दा पटला, तो स्वतः मधेशातल्या जनकपूरचा आहे.

---

प्रेषक: माजी सांस्कृतिक सचिव

जनकपूरचा आहे ना, मग त्याला विचारा, 2015 आधी काठमांडूच्या कचेरीत त्याचं ऐकून कोण घेत होतं.

काका, बांगसामोरो आणि आचे ही तुमची दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. आचेत 1976 ते 2005 बंड चाललं, मिंदानाओत त्याहून जास्त काळ, मग सवलत मिळाली. तिथेच शेजारी शांतपणे राहिलेल्यांच्या पदरात तसं काही पडलं नाही. देशाने आधीच सगळ्यांसाठी संविधानात लिहून ठेवलं असतं तर इतकी माणसं मेली नसती. सचिवालय आणि मंत्र्यांच्या बंगल्यांचा खर्च त्यापुढे मला महाग वाटत नाही.